दगडी सराईच्या डोक्यावरची माती

उदगीरच्या जुन्या गावात लुंबिनी सोनकांबळेला सगळे नोटीसवाली बाई म्हणत. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती गल्लीत शिरली की ओट्यावर गहू निवडत बसलेली एखादी बाई आत तोंड करून ओरडायची, "आली गं, आज कुणाचं तरी घर गेलं!" लुंबिनी हसून पुढे जायची. हसण्यावाचून करणार काय?

लातूरच्या तंत्रनिकेतनातून तिनं स्थापत्याची पदविका घेतली होती. घरातली ती पहिलीच. नगरपालिकेत कंत्राटी सहायक म्हणून लागली त्याला नऊ वर्षं झाली होती. अकरा महिन्यांचा आदेश, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिने. दर साली मार्चमध्ये पावसाळ्यापूर्वीच्या धोकादायक इमारतींची यादी निघायची आणि लुंबिनी डिंकाची बाटली पिशवीत टाकून फिरायची. काम प्रामाणिकपणे करायची. पण घर सोडून गेल्यावर त्या गल्लीचं काय होतं, हेही तिनं नऊ वर्षं पाहिलं होतं. माणसं बाहेरच्या प्लॉटिंगवर राहायला जायची, जुनी इमारत पडायची, तिथं खाली-वर नुसती शटरं असलेलं संकुल उठायचं. संध्याकाळी आठला शटरं पडली की गल्लीत चिटपाखरू उरायचं नाही. पूर्वी ज्या रस्त्यानं बाया-पोरी जेवणं उरकून शतपावलीला निघायच्या, तिथं आता दिवसासुद्धा मुलीला एकटं पाठवायला मन धजायचं नाही.

तिची मुलगी विशाखा सहावीत होती. शाळा सकाळची, साडेबाराला सुटायची. नवरा नागसेन नायगावला शिक्षक, शनिवारी घरी यायचा. लुंबिनीचं ऑफिस सुटायला सव्वासहा. मधले पावणेसहा तास मुलीला ठेवायचं कुठं, हा घोर तिला पहिलीपासून होता. तो मिटवला कमलम्मानं.

कमलम्मा दगडी सराईत राहायची. किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ही निजामाच्या काळातली इमारत. एकेकाळी बिदरकडून येणारे गाडीवान तिथं बैल सोडायचे. आता खाली चौदा दुकानं आणि वर नऊ खोल्यांत नऊ कुटुंबं. ज्याची खोली त्याच्या मालकीची, छत मात्र सामाईक. कमलम्मा विधवा बाई, माहेर कर्नाटकातलं. ज्वारीच्या कडक भाकरी करून विकायची आणि लुंबिनीला तंगी म्हणायची, म्हणजे कानडीत धाकटी बहीण. विशाखा शाळेतून थेट तिच्याकडे जायची, शेंगाची चटणी न् भाकरी खायची, तुळईखाली चटई टाकून अभ्यास करायची. पाच वर्षं हे चाललं होतं.

त्या मार्चच्या अखेरीस नगर अभियंता भागवत केंद्रे आणि लुंबिनी सराई तपासायला गेले. केंद्रे साहेब माणूस सरळ, पण पाच महिन्यांपूर्वी दुसऱ्या तालुक्यात एक भिंत पडलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती आणि तेव्हापासून ते कुठल्याही जुन्या छताखाली खुर्ची घेत नसत. कमलम्माच्या खोलीत त्यांनी तुळईच्या दोन टोकांना दोरी ताणायला सांगितली. लुंबिनीनं ताणली. मधोमध तुळई दोरीच्या खाली चार बोटं उतरली होती.

"संपलं," केंद्रे म्हणाले. "सी-वन. रिकामी करून पाडायची. उद्या नोटीस लावा, मॅडम."

दोरीचं टोक लुंबिनीच्या हातात होतं, आणि बरोबर त्या दोरीखाली विशाखा चटईवर पालथी पडून नकाशात नद्या रंगवत होती. पाच वर्षं! पाच वर्षं आपण पोटची पोर ह्या लाकडाखाली बसवली आणि एकदा मान वर करून पाहिलं नाही. तिनं रंगपेटी आवरली, मुलीचा हात धरला आणि जिन्याकडे वळली.

कमलम्मा दारात उभी होती. "कागद लावायच्या आधी पोरगी हलवलीस व्हय गं तंगी?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "शाणी हायस. माझी दोन नातवंडं कुठं हलवू, तेबी सांगून जा."

लुंबिनी मुलीला घेऊन जिना उतरली. पण ते वाक्य तिच्या अंगाला चिकटलं ते चिकटलंच. भाजी चिरताना, विशाखाच्या वेण्या घालताना ऐकू येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं सतरा इमारतींना नोटिसा लावल्या. अठरावी पिशवीतच ठेवली आणि रविवारी वडिलांकडे गेली.

साहेबराव शेजारच्या गावी थोरल्या मुलाकडे राहायचे. वय शहात्तर. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी माळवदं करण्यात घालवली होती. माळवद म्हणजे आपल्याकडचं जुनं सपाट छत: सागवानी तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर कडुनिंबाचा पाला आणि पाल्यावर पांढरी माती. जुन्या उदगिरात 'साहेबरावाची माती गळत नाही' अशी बोली होती.

"आबा, सराईचं माळवद तुम्हीच करायचात ना?"

"हाव. चाळीस वर्सं. दर वैशाखात."

"तेव्हा तुळया वाकलेल्या होत्या का हो?"

म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. "तुळया? मला काय ठाव? मी त्या कधी बघितल्या?"

"म्हणजे? चाळीस वर्षं तुम्ही..."

"वर होतो, बाई. आत न्हाई. मागच्या अंगाला बांबूची शिडी लावायची, तिच्यानं वर जायचं, तिच्यानंच उतरायचं. प्यायचं पाणीबी दोरीनं वर यायचं. खोलीत आपल्याला कोन घेतंय त्या काळी?" त्यांनी तंबाखू मळली. सांगण्यात कडवटपणा नव्हता, ऊन-पावसाबद्दल सांगावं तसं सांगत होते. "पर वर मज्जा होती. दुपारच्याला कठड्याच्या सावलीला बसून भाकर खायचो. उभं राहिलं की कठडा कमरेला लागायचा, लई आधार वाटायचा."

"कुठं लागायचा?"

"कमरेला. हितं."

लुंबिनी उठून उभी राहिली. मागच्याच आठवड्यात केंद्रे साहेबांबरोबर ती सराईच्या छतावर चढली होती आणि कठड्याला अडखळून पडता पडता वाचली होती. कठडा तिच्या पोटरीला लागला होता. आबा तिच्यापेक्षा वीतभर उंच. दगडी कठडा काही खाली जात नाही.

"आबा, दर वर्षी नवी माती टाकायच्या आधी जुनी काढायचात ना?"

साहेबरावांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. मग म्हणाले, "माझा बाप खरवडायचा. चार बोटं खरवडायची, चार बोटं टाकायची, असा कायदा होता. खरवडायला दोन दिवस जादा लागायचे. सराईचे पंच म्हणायचे, 'कशाला रे उगी, वरूनच टाक, जाड होईल तेवढं बरं.' म्या टाकली. माझ्यामागं दुसऱ्यांनीबी टाकली."

सोमवारी लुंबिनी पहार घेऊन सराईवर चढली. छताच्या मधोमध तिनं खड्डा खणला. थरावर थर निघत गेले: पांढरी, करडी, मधेच राखेची रेघ, पुन्हा पांढरी. पाला लागला तेव्हा तिनं टेप सोडला. सव्वादोन फूट! असायला हवी होती जेमतेम नऊ इंच. कठड्याच्या कडेनं उकरलं तर मातीत गाडलेली दगडी पन्हळ सापडली. पाणी जायची वाटच मातीखाली गेली होती. म्हणून छत गळायचं, गळायचं म्हणून लोक आणखी माती टाकायचे, आणि तुळई आणखी वाकायची. वर चढणाऱ्याला खालचं वाकलेलं लाकूड माहीत नव्हतं आणि खाली राहणारा जन्मात कधी वर चढला नव्हता.

तिनं हिशोब मांडून केंद्रे साहेबांपुढे ठेवला. एकट्या कमलम्माच्या खोलीवर पाचशे पोत्यांच्या वजनाची जादा माती होती.

केंद्रेंनी कागद दोनदा वाचला. "मॅडम, तुमचं गणित बरोबर असेल. पण लाकूड एकदा थकलं की थकलं. उद्या ओझं उतरवलंत आणि आत कुजलेलं निघालं तर?"

"तर तेवढं बदलू, सर. सगळं कशाला पाडायचं? नऊ कुटुंबं आहेत. ती गेली की किल्ल्यापर्यंतचा अख्खा रस्ता संध्याकाळी ओसाड पडेल."

"आणि छत पडलं तर पेपरात नाव कुणाचं येईल?"

"माझं येऊ द्या. प्रस्तावावर सही मी करते."

साहेबांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "तुमची मुलगी तिथं बसायची ना? आता बसवाल?"

लुंबिनीला हो म्हणता आलं नाही. खोटं तिला बोलायचं नव्हतं. "आज नाही बसवणार," ती म्हणाली. "काम झाल्यावर, छताची परीक्षा झाल्यावर विचारा."

साहेबांनी वीस मेपर्यंत मुदत दिली. अटी कडक होत्या. तोवर सगळ्या खोल्या रिकाम्या, खाली लोखंडी टेकू, आणि शेवटी नांदेडच्या तज्ज्ञाकडून भार-चाचणी. चाचणीत नापास झाली तर त्याच दिवशी नोटीस. नागसेनला फोनवर हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "सही करण्याआधी विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास."

"म्हणालोच असतो. तुझा आदेश जूनमध्ये संपतोय."

"म्हणून नाही विचारलं."

नऊही कुटुंबं नातलगांकडे, ओळखीच्यांकडे पांगली आणि काम सुरू झालं. खालच्या आडत दुकानाचे हरिओम बिरादार यांनी मोंढ्यातले हमाल आणि ट्रॅक्टर मिळवून दिले. शेतकरी आपण होऊन ट्रॉल्या घेऊन आले, कारण जुन्या माळवदाची माती रानाला चांगली, हे इथं पोराटोरांना ठाऊक. यंत्र लावायचं नाही, धक्का बसेल, असं ठरलेलं. घमेल्या-घमेल्यानं माती उतरायची. मागच्या शिडीपाशी साहेबराव डोक्याला पटका गुंडाळून हजर झाले.

"आबा, ऊन बघा किती आहे. तुम्ही खाली बसा."

"म्या टाकलेली माती हाय. म्याच उतरवणार." आणि वर गेल्यावर त्यांचा आवाज चौकापर्यंत यायचा, "ए पैलवान! एका जागी ढीग नको घालू रं! दोन्ही टोकाकडून, थोडी थोडी! छत हाय, खळं न्हाई!"

तिसऱ्या दिवशी दुपारी ते शिडीनं उतरायला लागले तशी कमलम्मा खालून कडाडली, "साहेबराव मामा! ती शिडी हमालांची. तुम्ही जिन्यानं या."

म्हातारा घुटमळला. "राहू दे बाई, पाय मातीचे हायेत."

"माझ्या घरात काय संगमरवर हाय व्हय? या म्हणते ना."

सराईच्या दगडी जिन्यानं साहेबराव आयुष्यात पहिल्यांदा उतरले. टेकूंमधून वाट काढत कमलम्माच्या खोलीत आले आणि मान वर करून उभे राहिले. त्या रुंद, काळ्याभोर सागवानी तुळया त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिल्या. हात उंचावला, पण पोचला नाही.

"हे माझ्यानं वाकलं व्हय?" ते हळूच म्हणाले.

"टाकणारे तुम्ही, टाक म्हणणारे पंच आमचे मामंजी," कमलम्मा म्हणाली. "अर्धं अर्धं वाटून घेऊ. खालून च्या आणलाय, घ्या आता, निवतोय."

लुंबिनी दाराशी उभी होती. ती वहीत आकडे मांडत राहिली. त्या दिवसाचा एक आकडा तिला नंतर खोडून पुन्हा लिहावा लागला.

रोज काम थांबलं की ती दोरी ताणायची. पाचव्या दिवशी तुळई दोन सूत, म्हणजे पाव इंच, वर आली. लुंबिनीला वाटलं, आपलंच चुकलं. पुन्हा ताणली. दोनच सूत, पण वर! अठ्ठावन्न ट्रॉल्या माती उतरली तेव्हा चार बोटांची झोळ अडीच बोटांवर आली होती. हमालसुद्धा जाता-येता विचारायचे, "बाई, आज किती उठली?" जणू आजारी माणसाची चौकशी.

मग केंद्रे साहेब म्हणाले होते तेच निघालं. कमलम्माच्या खोलीतल्या सहाव्या तुळईचं टोक भिंतीत कुजलं होतं. बोट घातलं की भुसा यायचा. लुंबिनी दोन दिवस नीट जेवली नाही. शेवटी कुजलेला भाग कापून जुन्या सागाचा जोड दिला, दोन्ही अंगांनी लोखंडी पट्ट्या आवळल्या. वर नऊ इंच माती ठेवून तिच्यावर गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून मळलेल्या चुन्याचा थर दिला, पन्हळी मोकळ्या केल्या आणि त्यांच्याकडे उतार काढला. चुना रोज तीन वेळा भिजवायचा. त्या कामाला साहेबरावांनी कुणाला हात लावू दिला नाही.

अठरा मेला चाचणी होती. नांदेडहून शिल्पा मॅडम आल्या, अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्राध्यापिका, बोलायला मोजक्या. त्यांनी जोड दिलेल्या तुळईखाली घड्याळासारखं एक यंत्र बसवलं. तुळई केसभर हलली तरी काटा दाखवायचा. टेकू एक बोट खाली घेतले, म्हणजे आता सगळा भार लाकडावर आणि टेकू फक्त जीव वाचवायला. वजनासाठी वाळूची पोती भरायची होती, पण हरिओम बिरादार म्हणाले, "वाळू कशाला? माझ्याकडं पन्नास किलोची तूर हाय, काट्यावर तोललेली. न्या एकशेवीस पोती. सराई राहिली तर तूर राहील. सराई गेली तर दुकान कुठंय, तूर कुठं ठेवू?"

हमाल पोती चढवू लागले. वीस, चाळीस, साठ. शिल्पा मॅडम दारातून दुर्बिणीनं काट्यावरचे आकडे वाचायच्या, लुंबिनी लिहायची. चौकात सराईची सगळी माणसं, दुकानदार, केंद्रे साहेब. नव्वदावं पोतं टेकलं आणि आतून कर्र असा लांबलचक आवाज आला.

सगळे जागच्या जागी थिजले. कुणीतरी "अय्यो देवा" म्हणालं. केंद्रे साहेबांनी हात वर केला, "थांबवा!"

तिच्या डोळ्यांपुढे चटई आली, नकाशातल्या निळ्या नद्या आल्या. तिनं शिल्पा मॅडमकडे पाहिलं. त्या काट्यावरची नजर हलवत नव्हत्या.

"काटा स्थिर आहे," त्या म्हणाल्या. "पट्टी जागेवर बसली. नव्या जोडाला एकदा बोलावंच लागतं. चालू ठेवा."

छतावरून साहेबराव ओरडले, "अहो, पाचशे पोत्यांचं ओझं वागवलंय तिनं इतकी वर्सं! तुमच्या सव्वाशेला काय भिणार? आणा वर!"

चौकात हशा पिकला. केंद्रे साहेबसुद्धा हसले आणि लगेच गंभीर झाले. एकशेवीस पोती चढली. आता चोवीस तास ती तशीच ठेवायची, मग उतरवायची. तुळई जेवढी खाली गेली त्याच्या तीन चतुर्थांश तरी ती आपली आपण वर आली पाहिजे, तर पास.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पोती उतरू लागली. पोत्यांखाली तुळई सात मिलिमीटर उतरली होती. काटा हळूहळू मागे फिरत होता. शेवटचं पोतं खाली आलं. शिल्पा मॅडम पाणी प्यायल्या, त्यांनी अर्धा तास वाट पाहिली, पुन्हा वाचलं, आणि वही लुंबिनीपुढे धरली.

अर्धा मिलिमीटर. सातातला फक्त अर्धा उरला होता. बाकी सगळी तुळई परत वर आली होती.

"पास?" केंद्रे साहेबांनी विचारलं.

"पास काय, डिस्टिंक्शन आहे हो," शिल्पा मॅडम म्हणाल्या.

त्यानंतर चौकात जो गलका झाला त्यात कोण काय बोललं ते कुणालाच ऐकू आलं नाही. हमालांनी बिरादारांना गुळाची ढेप फोडायला लावली. कमलम्मानं लुंबिनीला मिठी मारली आणि सोडेचना. केंद्रे साहेबांनी तिथंच मांडीवर कागद ठेवून शेरा लिहिला: वर्ग बदलला, इमारत राहण्यास योग्य. खाली सही ठोकली आणि म्हणाले, "मॅडम, मी काम झाल्यावर विचारायचं होतं."

लुंबिनीला कळलं. विशाखा सकाळपासून आबांचं बोट धरून चौकात उभी होती. "आई, मी वर जाऊ?" ती म्हणाली. "माझी रंगपेटी परत वर न्यायचीय."

आकडे सगळे लुंबिनीच्या हातात होते. तरी काळीज एकदा धडधडलंच. आईच्या काळजाला मिलिमीटर कळत नाहीत. तिनं वर पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं.

"जा," ती म्हणाली. "आणि चटई नेहमीच्या जागेवर टाक."

केंद्रे साहेब आधी जिना चढले. खोलीत गेले, रिकाम्या खोलीत मागं राहिलेली कमलम्माची लाकडी खुर्ची ओढली आणि तुळईखाली बसून त्यांनी चहा मागितला.

आठ दिवसांत नऊही कुटुंबं सामान घेऊन परतली. नगरपालिकेच्या तपासणीच्या छापील नमुन्यात साहेबांनी एक रकाना वाढवून घेतला: छतावरील मातीची जाडी. तो भरायचा तर कुणालातरी वर चढावं लागतं आणि कुणालातरी आत यावं लागतं. जूनमध्ये लुंबिनीचा आदेश आला, अकरा महिन्यांचाच, पण कामाच्या ओळीत 'नोटीस बजावणे' च्या आधी 'जुन्या इमारतींची दुरुस्ती' असं लिहिलेलं होतं. आणि यादीतल्या त्या सतरा घरांपैकी अकरा घरांचे लोक आपण होऊन तिच्या टेबलापाशी आले. "आमचं बी एकदा खणून बघा की!"

पाऊस सरला, दिवाळी झाली, माती वाळली तेव्हा पहिलं घर धरलं. साहेबराव पुढच्या दारानं आत गेले, आधी तुळया बघितल्या, मग जिन्यानं वर चढले. लुंबिनी खाली दोरी ताणून बसली. दुपारपर्यंत तेरा ट्रॉल्या माती निघाली.

"आबा!" ती माळवदाच्या झरोक्यातून वर ओरडली. "एक सूत उठली!"

"एकच?" वरून आवाज आला. "मग अजून काढू का?"

"काढा!"